शब्दाखालची नागमोडी रेघ

गेल्या हिवाळ्यात बडोद्यातल्या एका कार्यशाळेला गेले होते. दोन दिवसांची होती, आणि विषय होता 'राष्ट्रीय वारसा व सांस्कृतिक अस्मिता'. कोणी भरवली होती ते सांगत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. अशा कार्यशाळा बहुतेक ठिकाणी याच वळणानं होतात. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, बीजभाषण झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी सांगितलं, की वारसा जपला पाहिजे. त्यांची तळमळ खरी होती. पण सबंध सभागृहात हातात घेऊन बघावी अशी वारशाची एकही वस्तू नव्हती. पोथी नाही, नाणं नाही, ताम्रपटाचा ठसा नाही, जुना फोटोसुद्धा नाही.

माझ्या पिशवीत मात्र एक कागद होता. आईच्या माहेरचं दांडिया बाजारातलं घर विकलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. सगळे मोडी. आजोबांना मोडी यायची, आईला जेमतेम सही ओळखण्याइतकी, मला अजिबात नाही. माझी शाळा मराठीत झाली, नोकरी गुजरातीत झाली, आणि आजोबांचं अक्षर या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहून गेलं. त्या दिवशी वाटलं, वारशाची कार्यशाळा आहे, कोणीतरी वाचून देईल. म्हणून एक कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेला.

तो वाचला गेला, पण सभागृहात नाही. चहाच्या वेळी बाहेरच्या खिडकीशी. मागच्या रांगेत सत्तरी ओलांडलेले एक काका बसले होते. त्यांना बोलायला कोणी बोलावलं नव्हतं, ते आपले ऐकायला आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि कप बाजूला ठेवून वाचायला लागले. वर सन होता : 'खमस अशर मयातैन व अलफ'. काकांनी बोटं मोडत उलटं मोजलं. अलफ म्हणजे हजार, मयातैन म्हणजे दोनशे, अशर दहा, खमस पाच. शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतली अरबी आकड्यांची कालगणना, १२१५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८१४-१५. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून एका सनाला इसवीची दोन वर्षं लागतात, हेही त्यांनी मला नीट समजावलं. खाली लग्नखर्चाची याद होती. तांदूळ, तूप, गूळ, वाजंत्री, मशालजी. आणि मग काका थबकले. 'चोरीबद्दल कुंभारास', असं त्यांनी वाचलं. परत वाचलं. लग्नघरात चोरी झाली असेल, पण मग पैसे कुंभाराला कशाबद्दल?

शेजारी चहा घेत उभी असलेली एक विद्यार्थिनी, गुजराती घरातली, वाकून बघत होती. ती एकदम म्हणाली, "काका, आ तो लगननी चॉरी!" गुजराती लग्नात मांडवाच्या चार कोपऱ्यांत मातीच्या मडक्यांची उतरंड रचतात आणि मधे होम होतो. ती चॉरी. मडकी कोण देणार? कुंभारच. मोडीत 'चो' आणि 'चॉ' यांत फरक दाखवायची सोयच नाही. मोडी उत्तम वाचणाऱ्या माणसाला जो शब्द अडला, तो मोडीचं एक अक्षर न येणाऱ्या मुलीनं क्षणात सोडवला.

त्या पाच मिनिटांत जे झालं त्याला मी कार्यशाळा म्हणते. आत दोन दिवस जे चाललं होतं ते व्याख्यानसत्र होतं.

हा शब्दांचा कीस नाही. व्याख्यानसत्रात माणूस आपल्याला ठाऊक असलेलं सांगायला येतो. कार्यशाळेत त्याला न आलेलं दुसऱ्याकडून घ्यावं लागतं. वारसा आणि अस्मिता या विषयांना तर कार्यशाळाच हवी, कारण अस्मितेवर जो तो आपलं ठाम मत घेऊनच येतो, आणि भाषणं झाली की तेच मत थोडं अधिक ठाम करून घरी जातो. समोर कागद असला की तसं करता येत नाही. कागद अडवतो. त्यात 'चोरी' लिहिलेलं असतं आणि ती कसली, हे ठरवल्याशिवाय पुढची ओळ लागत नाही.

आता त्या एका कागदाला काय काय लागलं बघा. लिपी मोडी. भाषा मराठी, पण खर्चाची शीर्षकं बरीचशी फारसी वळणाची. सनाचे आकडे अरबी, आणि ते मराठी कारकुनानं मराठी उच्चारात बसवलेले. मांडवातली वस्तू गुजराती. १७३४ मध्ये बडोदं गायकवाडांकडे आलं, त्यानंतर ऐंशी वर्षांचा हा कागद. दक्षिणेतून आलेली घरं तोवर इथे तीन-चार पिढ्या रुळली होती. त्यांच्या मांडवात गुजराती चॉरी उभी राहू लागली होती का? की ही याद आमच्या घरच्या लग्नाची नसून एखाद्या गुजराती सावकाराकडच्या लग्नाची आहे आणि आमचा पूर्वज तिथे नुसता लिहिणारा होता? अजून ठरलेलं नाही. पण 'बडोद्यातल्या मराठी माणसाची ओळख' या विषयावर आजवर ऐकलेल्या एकाही भाषणानं मला हा प्रश्न पाडला नव्हता. इथे गुजराती शेजारी आम्हाला दक्षिणी म्हणतात, पुण्या-मुंबईचे नातेवाईक आमची मराठी ऐकून हसतात, आणि आम्ही दोघांनाही उत्तर म्हणून महाराज सयाजीराव गायकवाडांचं नाव घेतो. त्याहून खोल उत्तर त्या रुमालांत असू शकेल, आणि ते कदाचित आम्हाला सोयीचं नसेलही.

सयाजीरावांचं नाव घ्यायचंच, तर त्यांच्या कामाची रीत बघूया. महाराजांची सत्ता १८७५ ते १९३९. या काळात बडोद्यात वारशावर जे टिकाऊ काम झालं, त्यात उत्सव कमी आणि माणसं टेबलाशी बसवणं जास्त. संस्कृतचे अभ्यासक चिमणलाल दलाल पाटणला जाऊन जैन ग्रंथभांडारांतली हस्तलिखितं पाहून आले, आणि १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक निघालं ते राजशेखराची काव्यमीमांसा, काव्यशास्त्रावरचा जुना संस्कृत ग्रंथ. संपादक दलाल आणि आर. अनंतकृष्ण शास्त्री, म्हणजे एक गुजराती आणि एक दाक्षिणात्य पंडित. त्याच वर्षी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी इथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्यात शास्त्र जाणणारे होते तसे घराण्यांचे गवईही होते, आणि श्रुतींवरून, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांवरून, वाद झाले ते वाद्य आणि गळा समोर ठेवून.

मला त्याहून जवळचं उदाहरण वाटतं ते १९३१ च्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'चं. राज्यकारभारातला एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याच्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द मांडायचे, असा तो कोश. सात-आठ भाषा शेजारी शेजारी मांडणाऱ्या त्या लोकांना नुसतं 'आपली भाषा समृद्ध आहे' असं म्हणून चालण्यासारखं नव्हतं. कचेरीतल्या एका साध्या शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात, हे प्रत्येकाला काढून दाखवावं लागलं.

आणि रामायण. बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिरानं वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेली संहिता, सात खंडांत काढली, १९६० ते १९७५. बालकांड गो. ह. भट्ट यांनी केलं, अयोध्या आणि युद्ध प. ल. वैद्य यांनी, अरण्य दिवाणजींनी, किष्किंधा डोलरराय मांकडांनी, सुंदर झाला यांनी आणि उत्तर उमाकांत शाह यांनी. वैद्य मराठी, बाकीचे गुजराती. या आवृत्तीचं कुठलंही पान उघडून बघावं. वर दोन-चार श्लोक, आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी. शारदा लिपीतली पोथी इथे काय म्हणते, नेवारी काय म्हणते, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम या लिप्यांतल्या पोथ्या काय म्हणतात. वरचा श्लोक हा संपादकांचा निर्णय. पण ज्या पोथ्यांचा पाठ मान्य झाला नाही, त्यांचा पाठही त्याच पानावर छापलेला आहे. कोणाला तो निर्णय पटला नाही तर फेरविचाराचं साहित्य तिथेच आहे. रामायणाहून मोठा राष्ट्रीय वारसा कोणता सांगणार? आणि त्यावरचं या शहरानं केलेलं काम असं आहे, की त्यात काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्यांचे मतभेद जपून ठेवलेत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतात आणखी एक पद्धत होती, ती मला फार आवडते. निवडलेला शब्द नक्की नसेल, तर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापायची. आम्ही हा पाठ घेतला आहे, पण खात्री नाही, असं ती रेघ सांगते. १९१९ ला सुरू झालेलं आणि १९६६ ला मूळ संहिता पूर्ण झालेलं ते काम. एवढ्या विद्वानांनी एवढी वर्षं घालवून शेवटी ज्या शब्दाची खात्री नाही त्याखाली रेघ ओढली. अस्मितेवरच्या कार्यशाळेच्या समारोपाला जे ठराव होतात, त्यांतल्या एकाखाली तरी अशी रेघ कधी कोणी पाहिली आहे का?

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो मी त्याच कार्यशाळेत ऐकलासुद्धा : लग्नाच्या हिशेबात राष्ट्र कुठे आलं? घरगुती चिठ्ठ्याचपाट्या कुटुंबानं जपाव्यात, राष्ट्रीय कार्यशाळेनं मोठं काही घ्यावं. हा आक्षेप एकट्यादुकट्याचा नाही, तो सरकारी व्याख्येतही आहे. २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झालं, तेव्हा हस्तलिखित कशाला म्हणायचं ते ठरलं : हातानं लिहिलेलं, निदान ७५ वर्षं जुनं, ज्ञानाच्या दृष्टीनं मोलाचं. महसुली कागद, फर्मानं वगैरे त्यातून वेगळी काढली, कारण ती ऐतिहासिक दप्तरं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् ही नवी मोहीम जाहीर झाली, तिचं उद्दिष्ट एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन. मोठं काम आहे, व्हायलाच हवं. पण त्या जुन्या व्याख्येत आमचे रुमाल कुठे बसतात? ग्रंथ नव्हेत, म्हणून हस्तलिखितात नाहीत. सरकारी नव्हेत, म्हणून पुराभिलेखागारात नाहीत. पश्चिम भारतात मोडीतलं बरंच लिखाण याच दोन खुर्च्यांच्या मधलं आहे : सावकारी चोपड्या, वाटण्यांची पत्रं, नवसाच्या यादी, आजारपणातली औषधांची टिपणं. माणसं एकमेकांच्या शेजारी कशी राहिली, कोणाच्या मांडवात कोणाची मडकी आली, हे यांतच आहे. याला राष्ट्रीय वारसा म्हणायचं नसेल, तर 'विविधतेत एकता' हे कशाच्या जोरावर म्हणायचं, हे मला खरंच कळत नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. मोडी आता यंत्र वाचेल, फोटो काढा की मजकूर तयार. येऊ द्यात ना ते यंत्र, मी सर्वांत आधी रांगेत उभी राहीन. पण यंत्राला शिकवायला हजारो ओळी कोणीतरी आधी बरोबर वाचून दिलेल्या लागतात, आणि ती ओळ बरोबर आहे हे ठरवणारी माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. शिवाय यंत्र 'चोरी' वाचेल, आणि अक्षर म्हणून ते बरोबरच वाचेल. ती मडक्यांची हे त्याला कोण सांगणार?

घरं कागद देत नाहीत, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. आणि त्यात घरांची चूक नाही. आमच्याच नात्यातल्या एका मावशीनं फार वर्षांपूर्वी सासरच्या दोन पोथ्या एका संस्थेला दिल्या. पोच मिळाली नाही. दहा वर्षांनी चौकशीला गेली, तेव्हा त्या कुठे आहेत हे सांगणारं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून तिनं पेटीला कुलूप घातलं, ते आजतागायत तसंच आहे. कोणाला वाटणीचे जुने वाद उकरले जातील अशी भीती असते, कोणाला आपल्या पणजोबांचं कर्ज चव्हाट्यावर येईल अशी. ही भीती भाषणानं जाणार नाही. कागद घराबाहेर न्यायचाच नाही, फोटो घरीच काढायचे, फोटोची एक प्रत त्याच दिवशी घरच्यांना द्यायची, आणि काय प्रसिद्ध करायचं काय नाही हे घरानं ठरवायचं, एवढं लिहून दिलं तर पेट्या उघडतील. मी चार घरांत विचारून पाहिलं आहे. चौघांनीही पहिला प्रश्न विचारला तो हाच : कागद आमच्याकडेच राहील ना?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की पुढच्या कार्यशाळेत आधी कागद ठरवावा आणि मग माणसं बोलवावीत. आज उलटं होतं. वक्त्यांची यादी आधी, मग त्यांच्या सोयीची तारीख, मग विषय, आणि साहित्य सर्वांत शेवटी, ते असलंच तर. एक रुमाल घ्यावा, जास्त नको. त्याला कोण कोण लागेल ते त्याच्याकडे बघून ठरवावं. मोडी वाचणारे लागतीलच, पण मागच्या रांगेत नव्हे. ज्या घरचा कागद त्या घरचं कोणीतरी लागेल, कारण कागदातली 'ताई' म्हणजे नेमकी कोण हे त्यांनाच ठाऊक. गुजराती बोलणारे लागतील, आणि त्यांत केवळ प्राध्यापक नव्हेत, लग्नं-बारशी पाहिलेल्या बायका लागतील. फारसी-अरबी जाणणारं कोणीतरी लागेल. काकांनी त्या दिवशी सनाचे आकडे पाठ केलेल्या तक्त्यावरून सोडवले. त्या भाषा शिकलेली माणसं याच शहरात, दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात, पण त्या दोन दिवसांत तिथे त्यांच्यातलं कोणी नव्हतं. बोलवावं असं कोणाला सुचलंही नव्हतं. राष्ट्रीय वारशाच्या कार्यशाळेला ज्याला आपण विसरलो त्याची उणीव सनातच निघते, पहिल्याच ओळीत.

आणि दोन दिवसांत हे होत नाही. दर रविवारी दोन तास, असे दहा-बारा रविवार लागतील. शेवटी हातात काय यावं? डाव्या पानावर कागदाचा फोटो, उजव्या पानावर ओळीला ओळ बाळबोध, म्हणजे देवनागरी, जिथे खात्री नाही तिथे रेघ, आणि खाली मराठीत आणि गुजरातीत टीप. अशी वीस पानं एका शहरात एका वर्षात झाली तरी पुष्कळ आहे. शाली, स्मृतिचिन्हं आणि मंडपावर जो खर्च होतो, त्यात हे सहज बसेल.

अधूनमधून असंही म्हटलं जातं, की अशा बारीक कामानं अस्मिता जागी होत नाही, लोकांना अभिमान वाटेल असं काही द्या. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही बडोदेकरांनीही पेढे वाटले. मीही वाटले. त्याच्या आदल्या वर्षी गरब्याला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं होतं, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या मराठी मुली सर्वांत आधी चणिया-चोळी घालून खाली उतरल्या होत्या. अभिमान आम्हाला दोन्हीकडून भरपूर आहे, त्याची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती वाचणाऱ्यांची. भाषा अभिजात झाली तरी तिचं काही शतकांचं रोजचं अक्षर वाचायला आज गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली आहेत, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रं निदान डोळ्यांना दिसतात. कृष्णकथा कोणती, महाभारत कोणतं, हे न शिकलेल्यालाही कळतं. मोडी कागदाचं तसं नाही. वाचणारा गेला की तो नुसता कागद राहतो, आणि नुसता कागद घर विकताना भंगारात जातो. आमच्या माळ्यावरचे दोन रुमाल राहिले ते केवळ पेटी जड होती म्हणून. हमाल ती दुसऱ्या फेरीत नेणार होता.

त्या कार्यशाळेनंतर आम्ही तिघं, काका, ती मुलगी आणि मी, माझ्याकडे रविवारी बसू लागलो. सहा रविवारांत दीड कागद झाला. चॉरीच्या ओळीत पुढे 'मडकी' असा शब्द आहे आणि मग आकडा. आकड्याचा पहिला अंक कसरीनं खाल्ला आहे, दुसरा आठ आहे, तो स्पष्ट दिसतो. अठरा की अठ्ठावीस, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. पुढच्या आठवड्यात ती मुलगी लग्नाची मडकी रंगवणाऱ्या एका कुंभाराच्या घरी जाऊन आली. तिथल्या आजीबाईंनी तिला सांगितलं, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात सात. आमच्याकडे पहिल्यापासून असंच. सात चोक अठ्ठावीस.

तिनं वहीत २८ लिहिलं. काका म्हणाले, आता रेघ खोड. ती म्हणाली, आजची रीत तेव्हाचीच असेल कशावरून? त्या आकड्याखाली नागमोडी रेघ अजून तशीच आहे.